प्रोफेसर फर्डिनांड ब्राउन

शाळेच्या प्रयोगशाळेतील जुना ऑसिलोस्कोप यंदा आम्ही दुरुस्तीस घेतला. पडद्यावरील रेघ काही केल्या स्थिर राहीना. गुरुजींनी दुसरा ऑसिलोस्कोप त्याच्या वीजपुरवठ्यास जोडला, तेव्हा जेथे सपाट रेषा हवी तेथे सेकंदाला १०० लाटा उठताना दिसल्या. ५० असत्या तर रेक्टिफायरचा अर्धा भाग निकामी झाला असे मानावे लागले असते. १०० होत्या, म्हणजे तो शाबूत होता आणि लाटा सपाट करणारा कंडेन्सर सुकला होता. प्लग काढून, साठलेली वीज रोधावाटे उतरवून, मगच त्यांनी तो बदलला. स्फटिकाचा रेक्टिफायर आणि पडद्याची नळी या दोहोंचे मूळ एकाच पुरुषाकडे जाते, हे त्या दिवशी आम्हांस कळले. त्यांचेच हे अल्पचरित्र.

फर्डिनांड ब्राउन यांचा जन्म जर्मनीतील फुल्डा येथे ६ जून १८५० रोजी झाला. बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवून ते लाइप्झिगच्या सेंट टॉमस शाळेत शिक्षक झाले. होय, चक्क शाळामास्तर! त्याच सुमारास, १८७४ साली, त्यांनी जाहीर केले की, काही गंधकयुक्त खनिजांच्या स्फटिकास तारेचे टोक टेकविले असता वीज एका दिशेने सहज वाहते व उलट दिशेने अडते. याचे कारण त्यांस सांगता आले नाही. उपयोगही रेडिओचा काळ उजाडेपर्यंत कोणास सुचला नाही.

पुढे ते स्ट्रासबर्ग येथे प्राध्यापक झाले. उलटसुलट वाहणाऱ्या विजेचे रूप पाहावे कसे, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता; मापकाचा जड काटा इतक्या जलद हलणार कसा? १८९७ साली ब्राउन यांनी निर्वात काचनळीतील ऋणाग्र-किरणांचा बारीक झोत चकाकणाऱ्या पडद्यावर पाडला. शेजारच्या वेटोळ्यातून वीज सोडताच प्रकाशाचा ठिपका तिच्या तालावर वरखाली होऊ लागला, आणि फिरत्या आरशात पाहता त्याची लाट उलगडली. शहराच्या वीजकेंद्रातून येणारा प्रवाह त्यांनी अशा रीतीने डोळ्यांनी पाहिला. या नळीचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

१९०९ साली मार्कोनींसह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते बिनतारी संदेशवहनाबद्दल. आमच्या मते जगावर नळीचेच ऋण अधिक आहे.

महायुद्ध पेटले असता १९१४ च्या अखेरीस, प्रकृती ढासळलेली असूनही, ते न्यूयॉर्कला गेले. नळी जगास मोफत देणाऱ्या या गृहस्थास बोलावणे आले होते ते पेटंटांच्या खटल्यात साक्षीसाठी! युद्धामुळे परतीची वाट बंद झाली. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरताच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिन येथे, युद्ध संपण्यास काही महिने उरले असता, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पुढे फुल्डा येथे नेण्यात आल्या.