भक्ती बर्वे : एक आवाज, दोन बोली

सहावीत या शाळेत आलो तेव्हा मी पाण्याला ‘पानी’ म्हणायचो. हाउसमधली मराठी मुले हसायची. म्हणून मी चारचौघांत मराठी बोलायचेच सोडून दिले. गेल्या सुट्टीत आजीने मला ‘ती फुलराणी’ नाटकाची गोष्ट सांगितली. त्यानंतर त्यातल्या नायिकेबद्दल, म्हणजे भक्ती बर्वे यांच्याबद्दल, मिळेल ते मी वाचून काढले.

त्यांचा जन्म १९४८ साली सांगलीत झाला. सुधा करमरकर यांच्या बालनाट्यांतून त्या लहानपणीच रंगमंचावर आल्या. पुढे त्यांनी आकाशवाणीवर निवेदन केले. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि तिथे त्या बातम्या देऊ लागल्या. त्या कामात एकही उच्चार चुकून चालत नाही.

१९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ आले. ते बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वर आधारलेले आहे. फुले विकणाऱ्या मंजुळेला एक प्राध्यापक शुद्ध बोलायला शिकवतो. प्राध्यापक होते सतीश दुभाषी आणि मंजुळा भक्ती बर्वे. गंमत म्हणजे मंजुळेला शुद्ध भाषा शिकायची होती, पण बातम्या देणाऱ्या भक्तीताईंना आधी मंजुळेची बोली आपलीशी करावी लागली. ती त्यांनी इतकी आपलीशी केली, की प्रेक्षक हसता हसता मंजुळेच्या बाजूचे झाले. लोक त्यांनाच फुलराणी म्हणू लागले.

‘जाने भी दो यारों’ (१९८३) या हिंदी चित्रपटात त्या संपादिका झाल्या, तर ‘गांधी विरुद्ध गांधी’ नाटकात कस्तुरबा. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये त्यांचे पती, अभिनेते शफी इनामदार, अचानक गेले. तरीही भक्तीताईंनी रंगभूमी सोडली नाही. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ५२ वर्षांच्या होत्या.

मला वाटायचे, एक बोली शिकायची तर दुसरी टाकावी लागते. भक्तीताईंनी दोन्ही सांभाळल्या. येत्या मराठी भाषा दिनाच्या निवेदनासाठी मी नाव दिले आहे. ‘ण’चा सराव रोज चालू आहे. रविवारी आजीला फोन केला, की मात्र मी ‘पानी’च म्हणतो.