चिरागनगरच्या खोलीतली लेखणी : अण्णाभाऊ साठे

मानखुर्दच्या साठेनगरचं नाव आम्ही रोज रिक्षावाल्याला सांगतो. पण ज्यांचं नाव त्या वस्तीला आहे ते अण्णाभाऊ कोणत्या परिस्थितीत लिहीत होते, यावर आमच्यात फारसं बोलणं होत नाही. आमच्यातले कितीतरी जण कविता, गाणी, कथा लिहितात. खोली लहान, माणसं जास्त, उद्याच्या कामाचा भरवसा नाही. वही उघडली की छातीत धडधडतं, चार ओळींत मन भरकटतं. निवांत जागा मिळाली की लिहू, असं म्हणत वर्षं जातात.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावात, मातंग कुटुंबात झाला. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. पोटासाठी हे कुटुंब पायी मुंबईला आलं. मिळेल ती मजुरी करत, गिरणीत राबत, दुकानांच्या पाट्या वाचत अण्णाभाऊ अक्षरं शिकले.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. समोर कामगारांची सभा असायची, तिच्यासाठी गाणं आणि लोकनाट्य तयार लागायचं. आपण चांगले लेखक आहोत की नाही, ही काळजी करत बसायला तिथे सवड नव्हती. कोणासाठी लिहायचं हे पक्कं असलं की मन जागेवर राहतं, हे आम्हाला त्यांच्याकडून घेता येतं.

निवांत जागेचीही त्यांनी वाट पाहिली नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत ते अनेक वर्षं राहिले आणि तिथली माणसंच कथांमध्ये आणली. ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोनं शोधतो. शेवटी हाताची बोटं गमावतो आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू होते. काम सुटलेल्या माणसाची भीती अण्णाभाऊंनी दाबून ठेवली नाही, तिची कथा केली. १९५९ साली आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले.

पण म्हणून गरिबीचे गोडवे गाणं आम्हाला मान्य नाही. पुरस्कार मिळाला तरी हलाखी सुटली नाही. शेवटची वर्षं एकटेपणा, दारू आणि आजारपणात गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ४९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला स्वस्थ म्हातारपण मिळालं नाही. लेखकाची घालमेल हा नेहमी त्याच्या मनाचाच दोष नसतो. कधी ती रिकाम्या डब्याची असते, आणि तिथे नुसता मन आवरण्याचा सल्ला पुरत नाही.

तेव्हा मित्रांनो, जयंतीला हार घालूच, पण तेवढ्यावर थांबायला नको. लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी संध्याकाळी दोन तास विहाराची खोली उघडी ठेवू. आठवड्यातून एकदा बसून एकमेकांचं लिखाण ऐकू. दोन बैठकांना कोणी आलं नाही, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करू. ज्याचं काम सुटलंय त्याला कविता कधी देतोस असं विचारण्याआधी, जेवलास का हे विचारू.