जासईचे दिबा

दि. बा. पाटील म्हणजे आपल्या सगळ्यांचे दिबा. जन्म १३ जानेवारी १९२६, उरण तालुक्यातलं जासई. वकील झाले, शेकापकडून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. १९७० ला सिडको आली आणि ९५ गावांची भातशेती, मिठागरं नवी मुंबईत गेली. रोख पैसा किती दिवस पुरणार? दिबांनी विकसित जमिनीतला वाटा मागितला. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के भूखंड मिळाले, पुष्कळांना फार उशिरा. २४ जून २०१३ ला दिबा गेले. आता पाऊस एकदम कोसळतो, भोवतीच्या भरावामुळे गावं खोलगट झालीत, आणि पाणी धरून ठेवणारी खाचरं उरली नाहीत.