मुलांना आधी तुरुंग की आधी शाळा? मेरी कार्पेंटर यांनी २५ वर्षं लढवलेला वाद

अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला की आजही दोन बाजू पडतात. एक म्हणते, कडक शिक्षा करा. दुसरी म्हणते, त्याला सुधारायची संधी द्या. हा वाद किमान पावणेदोनशे वर्षं जुना आहे. इंग्लंडमध्ये तो संसदेपर्यंत नेणाऱ्यांमध्ये ब्रिस्टल शहरातल्या एक शिक्षिका आघाडीवर होत्या. त्यांचं नाव मेरी कार्पेंटर. पुढे त्या चार वेळा भारतातही आल्या.

राजा राममोहन रॉय यांची भेट

मेरी यांचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. वडील लँट कार्पेंटर हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. १८१७ मध्ये हे कुटुंब ब्रिस्टलला आलं. वडील घरीच मुलांची शाळा चालवत. तिथे मेरी मुलांच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक, गणित आणि विज्ञान शिकल्या. मुलींना त्या काळी विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. १८२९ मध्ये त्यांनी आई आणि बहिणींसोबत ब्रिस्टलमध्ये मुलींची शाळा सुरू केली.

१८३३ हे वर्ष त्यांच्यासाठी महत्त्वाचं ठरलं. त्या वर्षी राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला आले आणि २७ सप्टेंबरला तिथेच त्यांचं निधन झालं. भारताविषयीची ओढ मेरी यांच्या मनात तेव्हाच रुजली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये गरीब वस्त्यांत काम करणारे जोसेफ टकरमन ब्रिस्टलला येऊन गेले. रस्त्यावर भटकणाऱ्या मुलाला नुसतं हटकून उपयोग नाही, त्याच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जायला हवं, हा विचार मेरी यांनी त्यांच्याकडून घेतला. १८३५ मध्ये त्यांनी गरिबांच्या घरोघरी जाणारी एक संस्था उभी केली आणि पुढची सुमारे २० वर्षं तिच्या चिटणीसपदाची जबाबदारी सांभाळली.

तेव्हा कायदा काय होता?

इंग्लंडच्या कायद्यानुसार सात वर्षांच्या मुलावरही खटला चालू शकत असे. रुमाल किंवा पाव चोरणाऱ्या मुलांना मोठ्यांच्याच तुरुंगात टाकलं जाई. काहींना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलं जाई. मुलांसाठी १८३८ मध्ये पार्कहर्स्ट हा वेगळा तुरुंग सुरू झाला, पण तिथेही बेड्या आणि लष्करी शिस्तच होती.

मेरी यांनी १८४६ मध्ये ब्रिस्टलच्या लुइन्स मीड या गरीब वस्तीत मोफत शाळा काढली. अंगावर धड कपडे नसलेल्या मुलांना इतर शाळा दारात उभं करत नसत. अशा मुलांसाठीच्या शाळांना तिकडे रॅगेड स्कूल म्हणत. इथे मेरी यांना दिसलं की काही मुलं पुन्हा पुन्हा तुरुंगात जाऊन येतात आणि प्रत्येक वेळी आणखी निर्ढावलेली परततात.

मुलं गुन्ह्याकडे का वळतात?

१८५१ मध्ये त्यांनी सुधारशाळांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात मुलांचे तीन गट केले होते आणि प्रत्येकासाठी वेगळा उपाय सुचवला होता.

पहिला गट गुन्हा न केलेल्या, पण अत्यंत गरीब मुलांचा. त्यांच्यासाठी मोफत शाळा. दुसरा गट भीक मागणाऱ्या, भटकणाऱ्या, किरकोळ चोऱ्यांच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांचा. त्यांच्यासाठी दिवसभराची उद्योगशाळा, जिथे शिक्षणासोबत काम आणि जेवणही मिळेल. तिसरा गट गुन्हा सिद्ध झालेल्या मुलांचा. त्यांच्यासाठी तुरुंगाऐवजी निवासी सुधारशाळा.

आज आपण ज्यांना जोखमीचे घटक म्हणतो, ते मेरी यांनी या मांडणीत जवळपास सगळे हेरले होते: पोटाची भूक, घरातलं दुर्लक्ष, शाळेबाहेर राहणं, वाईट संगत. यातल्या बहुतेक गोष्टी मुलाने स्वतः निवडलेल्या नसतात, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणूनच १८५२ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी हिशेब उलटा मांडला. मुलं समाजाचं जेवढं देणं लागतात, त्याहून जास्त समाज या मुलांचं देणं लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रयोग आणि अडचणी

डिसेंबर १८५१ मध्ये बर्मिंगहॅमचे न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल यांच्या साथीने याच विषयावर परिषद भरली. हिल काही मुलांना शिक्षा देण्याऐवजी पालकांच्या किंवा मालकाच्या ताब्यात देत आणि पुढे त्या मुलांची खबर ठेवत. आजच्या परिवीक्षेची ही सुरुवातीची रूपं. ज्यांच्या पुढाकाराने परिषद भरली, त्या मेरी मात्र तिथे गप्प राहिल्या, कारण स्त्रीने जाहीर सभेत बोलणं तेव्हा शिष्टसंमत नव्हतं. पुढे हा संकोच त्यांनी सोडला.

१८५२ मध्ये त्यांनी किंग्सवुड इथे सुधारशाळा सुरू केली. तिथे घरासारखं वातावरण असावं, मुलांवर विश्वास टाकावा, असा त्यांचा आग्रह होता. काम सोपं नव्हतं. मुलं पळून जात, भांडणं होत. १८५४ मध्ये मुलींसाठी ब्रिस्टलमध्येच रेड लॉज ही वेगळी शाळा निघाली. कवी बायरन यांच्या पत्नी लेडी बायरन यांनी त्यासाठी जुना वाडा विकत घेऊन दिला.

चौदा दिवसांची अट

१८५४ मध्ये कायदा झाला. १६ वर्षांखालच्या गुन्हेगार मुलांना दोन ते पाच वर्षं सुधारशाळेत पाठवायला मान्यता मिळाली. पण त्यात एक अट होती. मुलाने आधी किमान १४ दिवस तुरुंगात काढायचे आणि मगच शाळेत जायचं.

अटीमागचा विचार साधा होता. गुन्हा केला तर आधी शिक्षा भोगायलाच हवी, नाहीतर शाळा म्हणजे चोरीचं बक्षीस ठरेल. मेरी यांचा त्याला कडाडून विरोध होता. तुरुंगाचा शिक्का एकदा बसला की मुलाच्या मनातली भीती आणि लाज दोन्ही जातात, मग शाळेला दुप्पट कष्ट पडतात, हा त्यांचा अनुभव होता. ही अट त्यांच्या हयातीत हटली नाही.

भारताशी नातं

१८६६ मध्ये, वयाच्या साठीजवळ, मेरी पहिल्यांदा भारतात आल्या. अहमदाबाद, मुंबई, मद्रास, कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला. मुलींसाठी शिक्षिका तयार व्हाव्यात आणि तुरुंग सुधारावेत, हे मुद्दे त्यांनी सरकारपुढे मांडले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनच होती, पण देशभरासाठी तसा कायदा नव्हता. त्यांची चौथी भेट १८७५-७६ ची. १८७६ मध्ये भारतात सुधारशाळांचा कायदा झाला. त्यामागे इतरही कारणं होती, तरी त्यांच्या पाठपुराव्याचा त्यात वाटा होता.

१४ जून १८७७ रोजी ब्रिस्टलमध्ये त्यांचं निधन झालं. राममोहन रॉय यांची समाधी असलेल्या आर्नोस व्हेल दफनभूमीतच त्यांनाही पुरण्यात आलं.

आज त्यांच्याकडे कसं पाहायचं?

मेरी यांच्या विचारांना मर्यादा होत्या. गरीब मुलांच्या एका वर्गाला त्या धोकादायक म्हणत. सुधारशाळेसाठी मुलाला कित्येक वर्षं घरापासून तोडलं जाई. ज्याचं नुकसान झालं, त्याला या सगळ्यात जागाच नव्हती. पुनर्स्थापक न्याय म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मूल, त्याचं कुटुंब आणि नुकसान झालेली व्यक्ती एकत्र बसून भरपाईचा मार्ग ठरवतात. न्यूझीलंडने १९८९ मध्ये अशा कुटुंब-बैठका कायद्यात आणल्या. मेरी तिथवर पोहोचल्या नव्हत्या.

भारतातल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा आणि परिवीक्षा हे पर्याय आहेत. त्याच कायद्यानुसार १६ ते १८ वयोगटातल्या मुलावर, अतिगंभीर गुन्ह्यात, प्राथमिक तपासणीनंतर प्रौढासारखा खटलाही चालू शकतो. दोन्ही बाजू एकाच कायद्यात नांदत आहेत.

इंग्लंडमध्ये सुधारशाळेआधीच्या तुरुंगवासाची अट अखेर १८९९ मध्ये गेली. तोवर मेरी कार्पेंटर यांना जाऊन २२ वर्षं झाली होती, आणि दरम्यान हजारो मुलं आधी तुरुंगाच्या दारातून आत गेली होती.