साहेबमामा फत्तेलाल : पडद्यावर देहू उभारणारा कलावंत

(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)

मराठी संतपटांचा विषय निघाला की प्रथम 'संत तुकाराम' आठवतो, आणि तुकोबांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस डोळ्यांपुढे उभे राहतात. पागनीसांचा जन्म आपल्या कर्नाटकातील चिकोडीचा, याचा आपणांस अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या देहूत ते वावरले, ते पडद्यावरचे देहू उभारणाऱ्या कलावंताची आठवण फारशी कोणी काढीत नाही. त्यांचे नाव शेख फत्तेलाल. स्टुडिओत सारे त्यांना साहेबमामा म्हणत.

फत्तेलाल यांचा जन्म १८८६ साली सीमेलगतच्या कागल येथे झाला. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे त्यांचे गुरू. तेथेच त्यांची गाठ पेणच्या विष्णुपंत दामले यांच्याशी पडली. एक मुसलमान, दुसरा ब्राह्मण; पण ही जोडी आयुष्यभर फुटली नाही. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दोघांनी पडेल ते काम केले आणि १९२८ मध्ये 'महारथी कर्ण' हा मूकपट मिळून दिग्दर्शित केला.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात 'प्रभात' कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. 'अयोध्येचा राजा' आणि 'अमृतमंथन' यांतील भव्य राजवाडे व मंदिरे ही साहेबमामांच्या कलादिग्दर्शनाची करामत होती.

मात्र त्यांची खरी थोरवी दिसली ती साध्या घरात. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. पटकथा शिवराम वाशीकर यांची होती. या चित्रपटात चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाचे विमानही येते. पण प्रेक्षकाच्या मनात घर करते ती तुकोबांची आवली. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत आणि नवरा भजनात रमलेला आहे, अशा संसाराचा गाडा ती ओढते. मूल आजारी पडते तेव्हा हातात पायताण घेऊन ती थेट देवळात विठोबाला जाब विचारायला निघते. हा राग पाहून कोणा भाविकाला विटाळ झाल्यासारखे वाटले नाही, कारण अशी आवली घरोघरी होती. देवावर रागावणे हीसुद्धा भक्तीच, हे त्या दोघा दिग्दर्शकांनी ओळखले होते. ही भूमिका करणारी गौरी कोणत्याही नाट्यशाळेत शिकलेली नव्हती.

मुंबईत हा चित्रपट एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठी न जाणणाऱ्या परकीयांनाही तो भिडला. चूल, म्हैस आणि उपाशी मुले यांना दुभाषा लागत नाही.

पुढे 'गोपाळकृष्ण' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) आणि 'संत सखू' (१९४१) आले. १९४५ मध्ये दामले वारले. प्रभातचेही दिवस फिरले. तरी १९५५ साली साहेबमामांनी 'जगद्गुरु शंकराचार्य' दिग्दर्शित केला. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९६० साली, प्रभातच्या जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली होती.

मुसलमान कलावंताने वारकऱ्यांचा देव पडद्यावर कसा उभा केला, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या भागातील माणसाला तो पडू नये. बीदरजवळ अष्टूरला बहामनी सुलतान अहमदशहा वली यांच्या उरुसाला मडियाळचे जंगम मानाने येतात. कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यात हिंदूही नवस बोलतात. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी तर सकलमत संप्रदायच स्थापिला. साहेबमामा याच मातीतले होते. परंपरा ज्याच्या घरात जन्मली त्याची असतेच; पण जो तिच्यासाठी मन लावून राबतो, त्याचीही असते.

वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर भागीदारीत भांडवल रुपयांचेच असते असे नाही. दामले-फत्तेलाल या भागीदारीचे खरे भांडवल परस्परांवरचा विश्वास होते. प्रभातचे हिशेब केव्हाच मिटले. हे भांडवल मात्र आपल्याला अजून पुरणारे आहे. ते वाढवायचे की उधळायचे, हे आता आपल्या पिढीच्या हाती आहे.