चिंतामणराव देशमुख आणि जगाच्या पंगतीतील पाट



मागच्या सुटीत आम्ही इंग्लंडमधील ब्रॅकनेल गावी थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. तिचा मुलगा शाळेतल्या वादसभेची तयारी करीत होता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ब्रिटनला कायमची जागा आहे, मग एवढ्या मोठ्या भारताला का नाही, असे त्याने आम्हाला विचारले. तेव्हा आम्ही त्याला एका मराठी माणसाची हकीकत सांगितली. जगाच्या पैशाचा कारभार चालविणाऱ्या संस्थेत भारताला मानाचा पाट मिळावा म्हणून तो माणूस १९४४ साली, भारत पारतंत्र्यात असतानाच, झटला होता.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी झाला. आपल्या बेटावरील अनेक मराठी घराण्यांचे मूळही कोकणातलेच. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची मानाची शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतिशास्त्रात नाव कमावले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. मध्य प्रांतात अनेक वर्षे सरकारी नोकरी केल्यावर ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि १९४३ साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्थांचा पाया तेथे घातला गेला. नियम असा ठरला की, ज्या देशाचा निधीतील वाटा मोठा, त्याची मतेही जास्त. आणि सर्वांत मोठ्या पाच वाटेकऱ्यांना आपापला संचालक स्वतः नेमण्याचा अधिकार. भारताच्या शिष्टमंडळाचे नेते सर जेरेमी रेझमन हे इंग्रज अधिकारी होते. पण त्यांच्या जोडीला देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे जाणकार भारतीय होते.

या मंडळींनी हिशेब पुढे ठेवून भारताचा वाटा वाढवून मागितला. शेवटी तो ४० कोटी डॉलर ठरला, म्हणजे एकंदर निधीच्या सुमारे साडेचार टक्के. तरीही चीन व फ्रान्स पुढे राहिले आणि भारत सहावा आला. पुढे रशियाने सदस्यत्व घेतलेच नाही, म्हणून भारत पाचवा झाला आणि संचालक नेमण्याचा हक्क त्याला मिळाला. सदस्य देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हा शब्दप्रयोग निधीच्या उद्दिष्टांत आला, त्यामागेही भारतीयांचा आग्रह होता.

सगळेच मनासारखे झाले नाही. युद्धकाळात भारताने पुरविलेल्या मालापोटी ब्रिटनकडे मोठी रक्कम साचली होती. युद्ध संपेपर्यंत ती शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. तिच्या फेडीत निधीने हातभार लावावा, ही भारताची मागणी मान्य झाली नाही.

१९५० साली पॅरिसला या दोन्ही संस्थांची वार्षिक सभा भरली, तेव्हा अध्यक्षपदी देशमुखच होते. त्याच वर्षी ते भारताचे अर्थमंत्री झाले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून त्यांनी ते पद सोडले. कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणणाऱ्या या विद्वानाचे २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे निधन झाले.

त्यांनी मिळविलेली जागा मात्र टिकली नाही. १९७० साली जपान पुढे गेला आणि भारत पहिल्या पाचांतून बाहेर पडला. पुढे वाढत्या देशांनी तक्रार केल्यावर २०१० साली वाटे बदलण्याचे ठरले. पण अमेरिकेची संमती रखडल्याने ते अमलात यायला २०१६ उजाडले. मोठ्या बदलांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून जास्त आहेत. आता भारत आठवा आहे. वाटा पावणेतीन टक्के, म्हणजे पारतंत्र्यात मिळालेल्या वाट्याहूनही कमी.

आपला मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी निधीचा सदस्य झाला. आपल्यासारख्या लहान देशाला तेथे स्वतंत्र खुर्ची नाही. इतर आफ्रिकी देशांबरोबर एकच खुर्ची वाटून घ्यावी लागते. म्हणून पाट कोणी आणि कसे मांडले, हे आपणही जाणून घेतले पाहिजे.

आम्ही भाच्याला एवढेच सांगितले की, वादसभेत भारत मोठा आहे असे नुसते म्हणून भागणार नाही. देशमुखांसारखे आकडे पाठ करून जा, आणि एकदा मिळालेली जागा पुढे का गेली, तेही सांग.