सियाचीनच्या इंदिरा कोलचं नाव इंदिरा गांधींवरून पडलेलं नाही, ते सायकलवरून भारत बघायला आलेल्या एका बाईने ठेवलंय

सियाचीन म्हटलं की १९८४ चं ऑपरेशन मेघदूत आठवतं. तेव्हा पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. आणि सियाचीनच्या उत्तर टोकाला साधारण ५,७६४ मीटर उंचीवर जी खिंड आहे, तिचं नाव आहे इंदिरा कोल. कोल म्हणजे खिंड. आता दोन्ही गोष्टी जोडल्या की कुणालाही वाटणार, मॅडमच्याच नावावरून ठेवलं असेल.

पण हे नाव पडलं १९१२ साली. इंदिरा गांधींचा जन्म १९१७ चा. खिंडीच्या नावातली इंदिरा म्हणजे लक्ष्मी, विष्णुपत्नी. आणि नाव ठेवणारी बाई होती अमेरिकन. फॅनी बुलक वर्कमन. आपले पुराणग्रंथ इंग्रजीतून वाचून ती भारतात आली होती आणि हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली होती चक्क सायकलवरून.

ही बाई नक्की कोण, ते बघू.

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावचा. वडील राज्याचे गव्हर्नर होते, घरात पैसा रग्गड. लग्न झालं विल्यम वर्कमन नावाच्या डॉक्टरशी, वयाने १२ वर्षांनी मोठा. पुढे डॉक्टरांची तब्येत बिघडली, प्रॅक्टिस सुटली आणि १८८९ मध्ये हे कुटुंब जर्मनीला राहायला गेलं. मुलगी रेचल आणि नंतर झालेला मुलगा सिगफ्रीड. हा मुलगा १८९३ मध्ये आजारपणात गेला. वय फक्त चार.

त्यानंतर नवरा-बायकोने सायकली काढल्या. दुःख विसरायला काढल्या की आधीचाच नाद होता, हे ज्याने त्याने ठरवावं. आल्प्समधल्या चढाया आधीपासून चालू होत्याच. पण मुलगी बोर्डिंग शाळेत आणि आई-बाप रस्त्यावर, हा क्रम पुढे वर्षानुवर्षं चालू राहिला हे खरं.

इथे सायकलीबद्दल थोडं सांगायला हवं. पुढे मोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेली जुनी सायकल साडी किंवा झगा घालून चालवायची म्हणजे अशक्यच. १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल आली. १८८८ मध्ये डनलपने हवेचा टायर आणला. झालं, युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा अशी एक वस्तू आली जिला घोडा नको, गडी नको आणि कुणाची परवानगीही नको. फॅनीने ती घेतली आणि नवऱ्याबरोबर अल्जेरिया पालथा घातला, मग स्पेन. स्पेनमध्येच साडेचार हजार किलोमीटर. अंगात लांब झगा, डोक्यावर टोपी, जवळ पिस्तूल आणि मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी चाबूक. प्रत्येक दौऱ्यावर दोघांचं मिळून पुस्तक.

मग आला भारत.

पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या ते वर्ष १८९७. त्याच वर्षाच्या अखेरीस हे जोडपं या बाजूला उतरलं. फॅनी ३८ वर्षांची, डॉक्टर ५० चे. पुढची अडीच वर्षं श्रीलंका, भारत, म्यानमार आणि जावा असा त्यांचा प्रवास चालला. एकूण सायकलिंग १४ हजार मैल, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर. त्यात भारताच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंतचा पल्ला सुमारे ६,४०० किलोमीटरचा. एकाच प्रवासात नारळाचे किनारे, श्रीलंका-जावाची ओलीगच्च जंगलं, दख्खनचं ऊन आणि शेवटी बर्फ.

आज कन्याकुमारी ते काश्मीर सायकलने जाणाऱ्यांच्या रील्स आपण बघतो. त्यांच्याकडे गिअर असतात, मोबाईलवर नकाशा असतो, दर वीस किलोमीटरवर चहाची टपरी असते. या दोघांकडे गिअर नव्हते. सामानात चहा, साखर, बिस्किटं, चीज, डब्यातलं मटण, पाणी, उशी, प्रत्येकी एक घोंगडी, लिहायचं साहित्य, औषधं आणि पंक्चरचं सामान. खायला-प्यायला मिळावं म्हणून शक्यतो रेल्वेलाईनच्या जवळचे मोठे रस्ते धरायचे. रात्री डाक बंगला मिळाला तर ठीक, नाहीतर स्टेशनची वेटिंग रूम. तिथे डास आणि उंदीर सोबतीला. कधी कधी जेवणच नाही.

आणि पंक्चर! काही दिवशी तर चाळीस-चाळीस. ज्याने एकदा तरी बाभळीच्या काट्याने बसलेलं पंक्चर स्वतः काढलंय, त्याने हिशोब करावा. टायर उतरवा, ट्यूब पाण्यात धरा, बुडबुडे कुठून येतात बघा, घासा, ठिगळ लावा, हवा भरा. असं चाळीस वेळा, मे महिन्यासारख्या उन्हात, अंगात लांब झगा घालून.

हा सगळा खटाटोप रेकॉर्डसाठी नव्हता. तिला देवळं बघायची होती. निघण्याआधी तिने रामायण, महाभारत, जातककथा वाचून काढल्या होत्या. गावोगावच्या शिल्पांचे फोटो काढले, टिपणं केली. १९०४ मध्ये या प्रवासाचं पुस्तक आलं, त्यात माणसांपेक्षा देवळांचं कौतुक जास्त आहे. त्याचं कारण पुढे येईल.

१८९८ चा उन्हाळा मैदानात सोसेना म्हणून दोघं काश्मीरला गेले. सायकली ठेवल्या आणि पायी १४ ते १८ हजार फुटांच्या खिंडी ओलांडत लडाखकडे निघाले. तिथे फॅनीने काराकोरम पाहिला आणि पुढच्या आयुष्याची दिशाच बदलली. १८९९ मध्ये बाल्टिस्तानात जाऊन बियाफो हिमनदीवर चालली, तीन शिखरं चढली. त्यातल्या एकाला त्यांनी नाव दिलं सिगफ्रीडहॉर्न. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाच्या नावावरून.

१९०६ मध्ये नुन-कुन पर्वतराजीतल्या पिनॅकल पीकवर ती ४७ व्या वर्षी पोहोचली. झग्यातच. आजच्या मोजणीने हे शिखर ६,९३० मीटर. तेवढ्या उंचीवर तोपर्यंत एकही बाई गेल्याची नोंद नव्हती.

दोन वर्षांनी ॲनी पेक नावाच्या दुसऱ्या अमेरिकन बाईने पेरू देशातलं हुआस्कारान सर केलं आणि उंची २४ हजार फूट असू शकते असं सांगितलं. म्हणजे फॅनीचा रेकॉर्ड गेला. दुसरी कुणी असती तर पेपरात पत्र लिहून गप्प बसली असती. फॅनीने फ्रेंच सर्व्हेअर पेरूला पाठवले, १३ हजार डॉलर मोजले आणि ते शिखर मोजून घेतलं. उत्तर आलं २१,८१२ फूट. रेकॉर्ड शाबूत. पेकबाई मात्र ५७ व्या वर्षी, इकडून तिकडून पैसे गोळा करून चढल्या होत्या. गंमत म्हणजे फॅनी स्वतः पिनॅकल पीक २३,३०० फूट असल्याचं सांगायची, तेही साडेपाचशे फुटांनी जास्तच होतं.

हे वाचून बाई भांडखोर वाटेल. होतीच. पण त्या काळाचा कारभारही बघा. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९० च्या दशकात बावीस बायकांना सभासद करून घेतलं आणि मग दार लावून टाकलं, ते थेट १९१३ मध्ये उघडलं. मधल्या काळात, १९०५ मध्ये, फॅनीने तिथे भाषण दिलं. इसाबेला बर्डनंतर तिथे बोलणारी ती दुसरीच बाई. पॅरिसच्या सोर्बोनमध्ये बोलणारी पहिली अमेरिकन बाईही तीच. बाईचा आकडा कुणी फुकट मान्य करणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती प्रत्येक फूट मोजून घ्यायची.

१९११ आणि १९१२ मध्ये दोघं सियाचीनवर गेली. मोहिमेची जबाबदारी नवरा-बायको आलटून पालटून घ्यायचे. १९१२ मध्ये नेतृत्व फॅनीकडे होतं, वय ५३. हिमनदीचा नकाशा करायला ग्रँट पीटरकिन हा सर्व्हेअर होता, जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्जन सिंग. याच मोहिमेत इंदिरा कोलला नाव मिळालं. याच मोहिमेत सुमारे २१ हजार फुटांवर उभं राहून तिने तो प्रसिद्ध फोटो काढून घेतला, ज्यात हातात बायकांच्या मताधिकारासाठी लढणारं वर्तमानपत्र उघडून धरलंय. तिच्या स्वतःच्या देशात बायकांना मत देण्याचा घटनात्मक हक्क मिळायला अजून आठ वर्षं होती.

आणि याच मोहिमेत चेनोझ नावाचा इटालियन पोर्टर बर्फातल्या भेगेत पडून मेला. फॅनी थोडक्यात वाचली. मोहीम पुढे चालू राहिली.

आता ते देवळांचं आणि माणसांचं. वर्कमन जोडप्याच्या पुस्तकांत सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्यात त्या ओझं वाहणाऱ्या माणसांनी. पोर्टर आळशी, पोर्टर खोटारडे, पोर्टर पळून गेले. १८९८ मध्ये सिक्कीमचा बेत फसला तोही पोर्टरांशी जमलं नाही म्हणूनच. पण फॅनी जिथे तंबूत झोपायची, तिथवर तो तंबू कुणीतरी पाठीवर आणलेला असायचा. त्या लोकांकडे धड बूट होते का, गरम कपडे होते का, गावात शेतीची कामं पडली होती का, हे या पुस्तकांत फारसं सापडत नाही. बाईला मत नाही म्हणून २१ हजार फुटांवर पेपर फडकवणाऱ्या फॅनीला, शेजारी उभ्या असलेल्या बाल्टी माणसालाही काही म्हणायचं असेल असं वाटलं नाही. तिचे नकाशेही पुढे पुष्कळ ठिकाणी चुकीचे निघाले. सियाचीनचा नकाशा त्यातल्या त्यात चांगला, कारण तो काम जाणणाऱ्या माणसांनी केला.

पहिल्या महायुद्धाने मोहिमा थांबल्या. १९१७ मध्ये सियाचीनवरचं पुस्तक आलं. मग लांबलेलं आजारपण आणि २२ जानेवारी १९२५ ला फ्रान्समधल्या कान शहरात मृत्यू. मृत्युपत्रात तिने मुलींच्या चार कॉलेजांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवले होते.

मुलगी रेचल भूगर्भशास्त्रज्ञ झाली. १९११ मध्ये, म्हणजे आई-बाप सियाचीनकडे गेले त्याच वर्षी, तिने अलेक्झांडर मॅकरॉबर्टशी लग्न केलं. कानपूरच्या ज्या गिरणीतून लाल इमलीची लोकर यायची, ती चालवणारा हाच माणूस.

फॅनीचा उंचीचा रेकॉर्ड टिकला १९३४ पर्यंत. तो मोडला हेटी डायरेनफर्थ या बाईने, सिया कांग्री शिखरावर. हे शिखर इंदिरा कोलच्या शेजारीच आहे.